लाल टीटीचा रंग: ७५ हजार, १ लाख ९० हजार की ४ लाख २५ हजार?

डाळमिल_लातूर | १६ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. बरंच लिहितोय, पण नीट वाचून सल्ला द्या ही विनंती.

गाडी ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, २०१२ ची, लाल. तीन वर्षांपूर्वी पुण्यातून सेकंडहँड घेतली. आमची डाळ मिल आहे. आठवडाभर तुरीच्या भुशात काढायचा आणि रविवारी पहाटे अंबाजोगाईच्या रस्त्याला ही गाडी काढायची, एवढीच माझी चैन. कॉलेजात असताना या गाडीचा फोटो वहीला लावला होता. तेव्हापासून हीच हवी होती.

यंदा मार्चमध्ये खडीच्या हायवा टिपरमागे होतो. दगड उडाला आणि बॉनेटला डाव्या बाजूला वाटाण्याएवढा खड्डा पडून रंग उडाला. शहरातल्या एका गॅरेजात (नाव लिहीत नाही) बॉनेट रंगवून घेतलं. साडेसहा हजार रुपये, तीन दिवस. गाडी ताब्यात घेतली तेव्हा आरशासारखं दिसत होतं, मी खुशीने पेंटरच्या हातावर वेगळे पाचशे ठेवले.

पावसाळा सरता सरता बॉनेटच्या डाव्या कडेला बारीक फोड दिसायला लागले. आधी बाजरीच्या दाण्याएवढे होते, दिवाळीपर्यंत डाळीएवढे झाले. परवा एक नखाने दाबला तर फुटला आणि आतून पांढरी भुकटी निघाली. गंज लाल असतो एवढं मला कळतं. मग हे पांढरं काय?

शिवाय छताचा क्लिअर (रंगावरचा चमकदार पारदर्शक थर) पापुद्र्यासारखा सुटायलाय. तिथं रंग गुलाबी, खडूसारखा झालाय. म्हटलं आता अर्धवट काही नको, पूर्ण गाडीच रंगवू. तीन ठिकाणी विचारलं.

लातूर: ७५ हजार, सहा दिवस.
संभाजीनगर: १ लाख ९० हजार, पंचवीस दिवस.
पुणे: ३ लाख ६० हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख २५ हजाराच्या घरात. दीड महिना.

गाडी तीच आणि लाल रंगही तोच, तरी ७५ हजार आणि सव्वाचार लाख यांत एवढा फरक कशाचा? पैसे कुठं जातात हे कळलं तर द्यायला माझी ना नाही. पण एकदा फसलोय, पुन्हा फसायचं नाही.

---

नांदेड_२६ | १६ नोव्हेंबर

दादा, रंगाच्या भानगडीत पडूच नका. लाल रॅप, म्हणजे रंगीत चिकट फिल्म, करून टाका. लाखाच्या आत काम होतं, चार दिवसांत गाडी हातात आणि कंटाळा आला की काढता येतं. माझ्या पोलोवर दोन वर्षं झाली, मस्त आहे.

---

वाळूज_पेंटशॉप | १६ नोव्हेंबर

नांदेडकर, तुमच्या पोलोचा मूळ रंग घट्ट होता म्हणून रॅप टिकला. ज्या छताचा क्लिअर सुटतोय त्यावर रॅप लावला तर उन्हात तो क्लिअरलाच घेऊन वर येईल. आणि फोडांवर लावला तर फोड रॅपखालून दिसतील, आतल्या आत वाढतही राहतील. रॅपला खालचा रंग धड लागतो.

लातूरकर, तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो. मी वाळूजला एका कारखान्यात चौदा वर्षं पेंट शॉपला होतो. माझं स्वतःचं गॅरेज नाही, त्यामुळे कुणाची बाजू घेऊन मला काही मिळायचं नाही.

आधी ती पांढरी भुकटी. तुमच्या टीटीची बॉडी वजनाने ६९ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ३१ टक्के पोलाद आहे. बॉनेट, पुढचे फेंडर (चाकांवरचे पत्रे) आणि छत अ‍ॅल्युमिनियमचं. दारं आणि डिकीचं झाकण पोलादाचं. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. तो रंगाखालून सरपटत जातो आणि वर फोड दिसतात.

तुमच्या बॉनेटला काय केलं असेल ते इथं बसूनही सांगता येतं. आदल्या दिवशी ज्या ग्राइंडरने दुसऱ्या कुणाच्या गाडीचा लोखंडी पत्रा घासला, त्याच चकतीने तुमचं बॉनेट घासलं. लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतले. दोन वेगळे धातू आणि त्यात ओल, की गंजाला सुरुवात झालीच. मग उघड्या पत्र्यावर थेट लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. ती पाणी लावून पॉलिश पेपरने घासली. इथं सगळ्यात मोठी चूक झाली. पॉलिएस्टरची पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते. वरून कोरडी दिसते, आत ओल राहते. त्यावर सरफेसर (रंगाखालचा सपाट करणारा थर), रंग आणि क्लिअर मारून ती ओल कायमची कोंडली. मार्चमध्ये कडक ऊन, पत्रा तापलेला, म्हणून काही दिसलं नाही. पावसाची हवा लागली आणि घासायच्या पाण्यातून आत राहिलेल्या मिठाला ओल मिळाली.

पुट्टी कोरडीच घासायची असते. धूळ होते, वेळ जातो, पेपर जास्त लागतो, म्हणून कुणी करत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तर हत्यारंच वेगळी ठेवायची असतात, पेपर आणि ब्रशसुद्धा. पत्रा उघडा केला की त्याच दिवशी, जमलं तर तासाभरातच, इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पहिला थर) बसला पाहिजे, कारण अ‍ॅल्युमिनियम हवा लागताच वर ऑक्साइडचा थर धरायला लागतं.

पैसे कुठं जातात याचं उत्तर यातच आहे. ७५ हजारात सहा दिवसांत पूर्ण गाडी म्हणजे गाडी न खोलता रंगवणार. दिवे, दरवाजाचे हँडल, काचेचे रबर, मागचा स्पॉयलर, सगळ्याला टेप लावणार. टेपच्या कडेला रंगाची एक बारीक पायरी उरते आणि वर्षभरात तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो. पंचवीस दिवसांतले पंधरा-सोळा दिवस खोलणं, घासणं आणि सुकू देणं यातच जातात. प्रत्यक्ष रंग मारायला कुठंही एक-दोन दिवसच लागतात.

मालाचाही फरक आहे. ग्लासुरिट, स्टँडॉक्स, स्पीस हेकर, सिकेन्स, पीपीजी या नावाजलेल्या कंपन्यांचा क्लिअर आणि डब्यावर नाव नसलेला क्लिअर यांच्या भावात दुपटी-तिपटीचं अंतर असतं. लाल रंगाला आणखी एक अडचण आहे. लाल रंगद्रव्य पातळ झाकतं, खालचं दिसत राहतं. म्हणून आधी ठरावीक करड्या छटेचा सरफेसर लावावा लागतो. तो चुकला तर चार-पाच हात मारूनही लाल कुठं विटकरी, कुठं नारिंगी दिसतो. खालचा रंग चुकलेला आणि पेंटर वर हात वाढवत बसलाय, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

कारखान्यातला रंग गॅरेजात मिळत नाही, हेही मनात पक्कं करा. कारखान्यात नुसती बॉडी असते. ती ईडीच्या (विजेने प्रायमर चढवायच्या) टाकीत बुडते, कोपऱ्याकोपऱ्यात २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसतो, भट्टीत भाजली जाते. पुढे सरफेसर, बेस (म्हणजे रंग) आणि क्लिअर. क्लिअर १४० अंशांच्या आसपास भाजतात. सगळे थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन. तयार गाडी एवढी तापवली तर वायरिंग, रबर, प्लास्टिक काही उरणार नाही. म्हणून गॅरेजात हार्डनर घातलेला टू-के क्लिअर वापरतात आणि बूथमध्ये (रंगाच्या बंद खोलीत) ६० अंशांना अर्धा-पाऊण तास ठेवतात. हा क्लिअरही चांगला टिकतो, पण खालची तयारी चोख असेल तरच.

---

जालन्याची_ताई | १७ नोव्हेंबर

मी विम्याच्या क्लेमचं काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

मार्चमध्ये दगड लागला तेव्हाच क्लेम करायला हवा होता, आता उशीर झाला. पण पुढच्या वेळेसाठी लक्षात असू द्या: साध्या पॉलिसीत रंगाच्या खर्चातल्या फक्त मालावर ५० टक्के घसारा लागतो, मजुरीवर नाही. गॅरेजने एकरकमी बिल दिलं तर त्यातले २५ टक्के माल धरतात. म्हणजे ४० हजारांच्या एकरकमी बिलात १० हजार माल, त्यावर ५ हजार तुमच्या खिशातून. बिल वेगवेगळं करून घेतलं आणि त्यात माल निम्मा दाखवला, तर तोटा तुमचाच. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के. ऊन लागून रंग उडणं किंवा क्लिअर सुटणं ही झीज समजली जाते, त्याला क्लेम नाही.

दुसरं, रंगवताना “लाल नको, आता करडा करू” असं मनात आलं तर आधी आरटीओत जा. आरसीवर रंगाची नोंद असते, ती बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. आमच्याकडे एकाने जीप लष्करी हिरव्या रंगात रंगवून आणली होती. तो रंग खासगी गाडीला चालतच नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ मध्ये स्पष्ट मनाई आहे. पुन्हा रंगवावी लागली, दुप्पट खर्च.

आणि जालन्यात गाडी उभी करायची वेळ आली तर स्टील मिलच्या बाजूला करू नका. तिथं हवेतून लोखंडाचे कण बसतात. पांढऱ्या गाडीवर आठ दिवसांत केशरी ठिपके दिसतात, लालवर दिसत नाहीत पण बसतात तेवढेच.

---

परभणीचं_ऊन | १७ नोव्हेंबर

भाऊ, रंग कधी देयचा हे पण बघा. मी मे महिन्यात दिला माझ्या गाडीला, परभणीत, बूथ नाही काही नाही, पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर ४३ अंश. पेंटर बिचारा चांगला माणूस, पण गनमधून रंग निघून पत्र्यावर पोचूस्तोवर थिनर उडून जायलं. सगळा रंग खरखरीत, हातानं लागायलं वाळूसारखं. दुपारी वावटळ आली न् बाकी कसर भरून काढली. पंधरा दिवस घासून घासून पॉलिश केलं तरी ती चमक आलीच नाही.

उन्हाळ्यात सावकाश सुकणारा थिनर न् हार्डनर लागतो, न् रंग पहाटे पाचला मारायचा. हे मला नंतर कळालं. पावसाळ्यात उलट, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी येतं, क्लिअर दुधाळ होतो. दसऱ्याला तर गावोगाव सोयाबीनची मळणी, सगळी हवा भुसाच भुसा. आमच्याकडं रंगाला खरा काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी. तुम्ही वेळेवर विचारलं.

---

डाळमिल_लातूर | २१ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, क्लेमचं हे गणित मला माहीतच नव्हतं.

पेंटशॉप सर, तुमचं वाचून मी पुन्हा त्या लातूरच्या गॅरेजात गेलो. “पुट्टी जास्त भरली का?” असं विचारल्यावर त्यांनी चुंबक आणून दाखवलं आणि ते बॉनेटला चिकटेना. म्हणाले, “बघा, पत्राच असा आहे.” आता तुमच्यामुळे कळलं की अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही, पुट्टी असो वा नसो.

मग एका मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. त्याचं पहिलं यंत्र फक्त लोखंडावर चालणारं होतं, बॉनेटवर आकडाच येईना. दोन्ही धातूंवर चालणारं मिळवलं. आकडे (मायक्रॉनमध्ये) असे:

दोन्ही दारं ११० ते १२५. डिकीचं झाकण ११८. मागचे दोन्ही फेंडर १२० च्या आसपास. उजवा पुढचा फेंडर ११५. डावा पुढचा फेंडर २१०. छत २४० ते २६०. बॉनेट मधोमध ३४०, डाव्या कडेला ४८०.

म्हणजे छत आणि डावा फेंडर आधीच्या मालकाच्या काळातच कधीतरी रंगवलेलं आहे. घेताना मला “ओरिजिनल पेंट” म्हणून सांगितलं होतं. वाईट वाटलं, खोटं नाही सांगत.

---

खुलताबादचा_वळण | २१ नोव्हेंबर

लातूरकर, मी थोडं वेगळं सांगतो, रागावू नका. पूर्ण गाडी रंगवू नका.

तुमच्या दारांवर ११० मायक्रॉन आहे. म्हणजे कारखान्यातला मूळ रंग, बारा वर्षं टिकलेला. या टीटीच्या बॉड्या जर्मनीत इंगोलश्टाटला बनून, रंगवून रेल्वेने हंगेरीत ग्योरला जायच्या आणि तिथं गाडी पूर्ण व्हायची. तो रंग उद्या कुणीही, कितीही पैसे घेऊन परत देऊ शकत नाही. तो तुम्ही स्वतःच्या हाताने घासून काढणार आणि त्या जागी ६० अंशांवर सुकवलेला रंग लावणार? जे खराब आहे तेवढंच रंगवा, बाकीचं पॉलिश करा. उद्या विकायची वेळ आली तरी जाणकार माणूस मूळ रंगाच्या दाराला जास्त किंमत देतो. पूर्ण रंगवलेली गाडी दिसली की पहिला संशय अपघाताचाच येतो.

आणि पुण्याला का जायचं हे मला अजून कळलं नाही. आमच्या संभाजीनगरजवळ शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या बनतायत. वाळूजला त्याच्याही आधीपासून बजाज आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहराने एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, देशभर बातमी झाली. रंगाचं काम ज्यांच्या हातात बसलंय अशी शेकडो माणसं इथं आहेत. दोन-तीन जणांनी कारखाना सोडून स्वतःचं काम टाकलंय. त्यांच्याकडे पुण्यासारखं काचेचं ऑफिस आणि कॉफी नाही, म्हणून आपण त्यांना हलकं समजतो. मला याचं फार वाईट वाटतं.

---

वाळूज_पेंटशॉप | २२ नोव्हेंबर

वळणरावांशी मी शंभर टक्के सहमत. आकडे पाहिल्यावर मीही हेच सांगणार होतो.

बॉनेट पूर्ण पत्र्यापर्यंत उतरवा, दुसरा इलाज नाही. छतही उतरवा. डावा फेंडर २१० आहे, फोड नसतील तर वरचा थर घासून त्यावर रंग चालेल. पुढच्या बंपरवर दगडांचे टोचे असणारच, तोही घ्या. प्लास्टिकला वेगळा प्रायमर लागतो हे विचारून घ्या, नाहीतर पहिल्या फटक्याला साल निघते.

आता एक अवघड जागा. बॉनेट नव्या लालमध्ये आणि शेजारचा उजवा फेंडर बारा वर्षांच्या उन्हातल्या लालमध्ये. रंगाचा कोड तोच असला तरी दोन लाल शेजारी ठेवले की फरक दिसतो. म्हणून उजव्या फेंडरवर आणि दोन्ही दारांवर पुढच्या बाजूला थोडा रंग विरवत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण पॅनलभर मारायचा. छताचं त्याहून कठीण. या गाडीला छत जिथं मागच्या पत्र्याला मिळतं तिथं जोड लपवायला पट्टी नाही. क्लिअर मागच्या फेंडरवरून खालपर्यंत न्यावा लागेल. मध्येच थांबवून पातळ केला तर दोन उन्हाळ्यांत तिथं रेघ उमटते.

दारांचा मूळ रंग तसाच राहील, फक्त वरून हलका घासून नवा क्लिअर येईल. पत्र्यापर्यंत कुणी जाणार नाही.

गॅरेज निवडताना भाव शेवटी विचारा. आधी विचारा: अ‍ॅल्युमिनियमसाठी पेपर आणि हत्यारं वेगळी ठेवता का? पुट्टी पाण्याने घासता की कोरडी? पत्रा उघडा केल्यावर मला बोलावाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो “हो, या की” म्हणेल त्याच्याकडे गाडी द्या.

---

डाळमिल_लातूर | २ डिसेंबर

संभाजीनगरला जाऊन आलो. तिन्ही प्रश्न विचारले. त्या माणसाने उत्तर द्यायच्या आधी मला मागच्या खोलीत नेलं. तिथं निळ्या झाकणाच्या एका पेटीत पेपर, ब्रश, सँडरचे पॅड, वर खडूने लिहिलेलं “फक्त अ‍ॅल्यु.” पूर्ण गाडीचे १ लाख ९० हजार सांगितले होते, आता तुम्ही म्हणता त्याप्रमाणे भाग सांगितले तर १ लाख ४६ हजार म्हणाले. दारांचा मूळ रंग राखायचा हिशेब त्यांनाही पटला. ६ जानेवारीला गाडी द्यायची ठरली.

---

अंबाजोगाईचा_डॉक्टर | ३ डिसेंबर

एक विनंती. रंग मारणारा माणूस तोंडाला काय बांधतो तेही बघा. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. रुमाल किंवा साधा मास्क त्यांना अडवत नाही. एकदा फुप्फुसाला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही दम्याचा झटका येतो आणि तो माणूस त्या धंद्यात परत उभा राहू शकत नाही. माझ्याकडे असे पेंटर येतात, चाळिशीच्या आतले. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क हाच उपाय. ज्या गॅरेजात तो आहे तिथं दोन पैसे जास्त द्यावे लागले तर द्या.

---

डाळमिल_लातूर | १४ जानेवारी २०२५

डॉक्टरसाहेब, हवेच्या नळीचा मास्क आहे. तुमचं वाचून मुद्दाम विचारलं होतं.

संक्रांतीचे तिळगूळ घेऊन आज गाडी बघायला गेलो होतो. बॉनेट सुटं करून स्टँडवर ठेवलं होतं, अर्धं उघडं केलेलं. डाव्या कडेला, जिथं फोड होते तिथं, धातूवर पांढरट नक्षी होती, वाळवीने लाकडात बोगदे करावेत तशी. रंगाखालून चार बोटं आत गेलेली. वरून फक्त आठ-दहा फोड दिसत होते. कडेपासून आत पुट्टीचा जाड थर. त्यांनी माझ्यासमोर स्क्रेपरने एक ढलपी काढली. खड्डा वाटाण्याएवढा आणि पुट्टी तळहाताएवढ्या जागेत.

खड्डा खालच्या बाजूने रेटून, हळूहळू गरम करून बराचसा वर आणला. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं परत जागेवर येत नाही, ठोकलं तर ताणतं आणि चिरतं, असं ते म्हणाले. जे उरलं त्याला नखभर पुट्टी, तीही इपॉक्सीच्या वर.

एक गोष्ट फार आवडली. घासून झाल्यावर त्यांनी पॅनलवर काळी भुकटी फिरवली आणि लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर लावून पुन्हा घासलं. उंच जागा पुसल्या गेल्या, खोलगट जागी काळं राहिलं. मग हाताला सुती फडकं गुंडाळून, डोळे मिटून तळहात बॉनेटवर आडवा फिरवला. मला म्हणाले, “मालक, तुम्ही फिरवा.” मी फिरवला, मला काहीच लागलं नाही. त्यांनी माझा हात धरून त्याच जागी नेला, “इथं.” तिथं मात्र बोटाला किंचित उतार जाणवला. ट्यूबलाइटखाली वाकून पाहिलं तर उजेडाची सरळ रेघ तिथं थोडी वाकत होती. ती जागा त्यांनी अजून दोनदा घासली. मी सव्वा तास तिथं होतो, तेवढ्यात काम झालं ते वीतभर जागेचं.

---

नांदेड_२६ | ३ फेब्रुवारी

दादा, गाडी मिळाली का? शेवटी किती लागले ते खरं सांगा. माझ्या भावालाही पोलोचं काम काढायचंय, रॅपखाली चिरा दिसायलेत.

---

डाळमिल_लातूर | ५ फेब्रुवारी

मिळाली, ३१ जानेवारीला. ठरल्यापेक्षा दोन दिवस उशीर झाला, कारण छतावर सिलिकॉनमुळे डोळे पडले, म्हणजे रंग बाजूला सरून बारीक गोल खळगे झाले. आधीच्या कुणीतरी पॉलिश मारलेलं, ते पत्र्याच्या घडीत राहिलं असावं. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, ओलं असतानाच पुसून काढलं आणि छत पुन्हा केलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

एकूण १ लाख ४६ हजार. त्यात माल ५२ हजार, खोलणं-बसवणं १८ हजार, घासण्यापासून रंगापर्यंतची मजुरी ६० हजार, बूथ आणि शेवटचं पॉलिश १६ हजार. सगळं वेगळं लिहून दिलंय.

आता जाडी: बॉनेट १७० ते १९०, सगळीकडे जवळपास सारखी. छत १८० च्या आसपास. दारं पूर्वीपेक्षा ४०-४५ ने वाढली, तेवढा नवा क्लिअर.

दोष शोधायचाच तर उजव्या बाजूने संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात फेंडर आणि दार यांत अगदी पुसट फरक वाटतो. बायकोला दिसत नाही, मला दिसतो. आणि बंपरच्या खाली, नंबरप्लेटच्या जागी, संत्र्याच्या सालीसारखा पोत राहिलाय. त्यांनी घासून देतो म्हटलं, मी नको म्हटलं, क्लिअर कमी होईल.

एक महिना मेण, सिरॅमिक काहीही लावू नका, रंगाला श्वास घेऊ द्या, असं बजावलंय. 

---

परभणीचं_ऊन | ५ फेब्रुवारी

भाऊ, धुवायचं पाणी बघा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी उन्हात सुकलं की क्षाराचे गोल डाग पडतात न् ते क्लिअरमध्ये उतरतात. आरओच्या टाकाऊ पाण्यानं तर बिलकुल धुवू नका, त्यात क्षार अजून जास्त. सकाळी सावलीत धुवा न् लगेच पुसा. कव्हर घालायचं असलं तर आधी गाडी धुतलेली पाहिजे, धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं हललं की पेपरचं काम करतं. न् कडुलिंबाखाली लावू नका, डिंक पडतो.

---

डाळमिल_लातूर | १२ ऑक्टोबर २०२५

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सप्टेंबरात आपल्याकडे पावसाने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मिलमध्ये येणाऱ्या शेतकऱ्यांची तूर पाण्याखाली गेली, सोयाबीन काळं पडलं. गाडीचं लिहायला मन होत नव्हतं. पण पेंटशॉप सरांनी दोनदा व्यक्तिगत निरोपात विचारलं, “पावसाळा निघाला, बॉनेट कसं आहे?” म्हणून लिहितो.

काल गाडी धुतली. बॉनेट उघडून डावी कड आतून-बाहेरून बोटाने चाचपली, बॅटरी लावून पाहिली. एकही फोड नाही. यंत्र लावलं: १७५, १८२, १७८. छत तसंच आहे. डाव्या फेंडरच्या कमानीपाशी एक दगडाचा टोचा आहे, पत्रा दिसत नाही, सरफेसरपर्यंतच गेलाय.

नांदेडकर, तुमच्या भावाला तिथला पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. दिवाळीनंतरचीच तारीख मिळेल.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. गाडी ताब्यात देताना त्यांनी पोस्टकार्डाएवढा पत्र्याचा तुकडा दिला. त्यावर माझ्या गाडीचाच करडा, मग लाल, मग क्लिअर, पायऱ्या-पायऱ्यांनी मारलेला, आणि मागे मार्करने मिश्रणाचं प्रमाण व तारीख. पुढे कुठं टोचा पडला तर हा तुकडा घेऊन या, शेड शोधायला लागणार नाही, म्हणाले. फेंडरच्या टोच्यासाठी पुढच्या सोमवारी तोच घेऊन निघणार आहे.

---

वाळूज_पेंटशॉप | १२ ऑक्टोबर

सोमवारी येताय तर निघताना कळवा, मीही येतो. १७८ आकडा डोळ्यांनी बघायचाय.